चौरस सेंटीमीटरमधली आजी

आमच्या घरात भांडणाला विषय लागत नाही, पण आजीच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या जाहिरातीनं सगळ्यांची खरी ताकद दाखवली. पेपरात एक फोटो आणि चार ओळी द्यायच्या, एवढंच काम. त्यासाठी नागपूरच्या महाल भागातल्या घरी सगळे जमले. मे महिना, कूलर फुल्लवर. नागपुरात या दिवसांत कुठलंही बोलणं कूलरच्या वरच्या पट्टीत करावं लागतं, त्यामुळे ‘पाणी दे’सुद्धा भांडणासारखं ऐकू येतं. इथे तर मुळात भांडणच होतं.

पहिली अडचण पंचांगाची. आजी गेल्या वर्षी नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या त्या नऊ तापत्या दिवसांत गेली, ज्येष्ठ लागला होता. आता २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला. म्हणजे तिथी दोनदा! मोठे काका म्हणाले, निज ज्येष्ठात करू. आत्या म्हणाली, अधिकातच करायचं असतं, माझ्या सासरी तसंच केलं. “तुझ्या सासरचं इथं काऊन आणून राहिली?” असं काका म्हणाले आणि गुरुजींना फोन लावला. तो लागेना. शेवटी बाबा म्हणाले, “तारीख छापा अन् मोकळे व्हा.” एवढ्यावर एक विषय मिटला. अख्ख्या दुपारी मिटलेला तेवढाच.

मग जन्मसाल. आधार कार्डावर आजीचा जन्म १ जानेवारी १९४४. पण ती सांगायची, “गांधीजी गेले तेव्हा मी तिसरीत होती.” म्हणजे चौथ्या वर्षी तिसरीत. एवढी हुशार नात-नातवंडांपैकी कोणी निघाली नाही. बरं, आधारावरचा दिवसही खोटाच, कारण जन्म मारबतीचा हे ती छातीठोक सांगे. पोळ्याचा दुसरा दिवस, रस्त्यावरून मारबतीचा पुतळा मिरवणुकीनं गावाबाहेर चाललेला, लोक ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतायत, आणि इकडे ही जन्मली. “गावाची पीडा भाईर गेली अन् तुमच्या आजोबाची घरात आली,” हे ती स्वतःच सांगायची आणि आजोबांकडे बघायची. आजोबा पेपर वर करायचे.

लग्नाचं साल मात्र बिनचूक. १९५६. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांच्या दीक्षेसाठी लोटलेली गर्दी तिनं पाहिली होती, आणि १ नोव्हेंबरला नागपूरची राजधानी गेली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं ना आपलं गाव. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सचिवालयात नव्यानं चिकटलेल्या आजोबांना मुंबईला जायचा हुकूम आला. नवी नवरी, तोंडातून शब्द काढायची चोरी, तरी तिनं एकच विचारलं म्हणे, “तिथं वाळवण कुठं घालू?” आजोबांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि इथल्याच एका शाळेत कारकुनी धरली. विदर्भ महाराष्ट्रात येण्याबद्दलच्या नागपूर करारावर लोक अजून तावातावानं बोलतात. आमच्या घराचा करार गच्चीवर झाला.

त्या गच्चीची किंमत पुढे आम्ही चुकवली. सरगुंडे, पापड, मुगवड्या, सगळं उन्हात, आणि राखणीला आम्ही पोरं, खिशात कांदा घालून. कांदा असला की लू लागत नाही, असं आजीचं म्हणणं. एकदा चुलतभावाला भूक लागली आणि त्यानं तो खाल्ला. आजीनं त्याला आधी झोडपलं, मग कैरीचं पन्हं पाजलं, आणि मग दुसरा कांदा देऊन परत वर पाठवलं.

हे सगळं जाहिरातीत बसत नाही. पेपरवाले चौरस सेंटीमीटरच्या भावानं पैसे घेतात. म्हणून तयार मजकूर काढला: ‘प्रेमळ, मनमिळाऊ, शांत स्वभावाच्या...’ मी ‘शांत’पर्यंत वाचलं आणि आत्याला ठसका लागला. गोकुळपेठेच्या बाजारात आजी दिसली की भाजीवाले आधीच सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट पिशवीत टाकायचे. म्हणजे पुढचा सगळा वाद वाचायचा. तरी ती भाव करायचीच, फुकटच्या जुडीत पिवळी पानं काऊन म्हणून.

“मग ‘करारी’ लिहा,” धाकटे काका.

“करारी पुरुषाला लिहितात,” मोठे काका.

“तेच तर म्हणून राहिलो!”

फोटोनं कळस केला. आजीला फोटोचा तिटकारा. हाताशी एकच बरा निघाला, कुठल्याशा लग्नातला. त्यात ती पंगतीत उभी, चेहरा वाढप्यावर लक्ष ठेवल्यासारखा, आणि शेजारी मामेआजी तिच्या खांद्यावर हात टाकून. फोटोवाल्या पोरानं मामेआजी पुसली, मागे निळं आभाळ टाकलं, आजीला जांभळा शालू नेसवला. हात मात्र त्याच्याकडून सुटला. आता आभाळातून हिरव्या बांगड्यांचा एक पंजा येतो आणि आजीच्या खांद्यावर टेकतो. बाबा म्हणाले, ठेवा, आशीर्वादाचा वाटतो. आत्या म्हणाली, आशीर्वादाचा नाही, बाईला ओढून नेऊन राहिला असा वाटतो. त्यावर बाबा खूप वेळ काही बोलले नाहीत. सगळे तिला बाई म्हणत, मुलंसुद्धा.

खालच्या नावांचा घोळ सांगत बसत नाही. मुलं, सुना, लेक, जावई, नातवंडं, पणतू. पुण्याचा चुलतभाऊ (तोच, कांदेवाला) व्हिडिओ कॉलवर होता. त्याचं म्हणणं, नावं वयानुसार लावा. मग आधार कार्डाप्रमाणे वय की खरं, यावर पुन्हा सुरू झालं. पार तीन वाजले.

मोठी काकू तेवढ्या वेळात आत वडाभात करत होती. सासूपुढे तिनं आयुष्यभर ‘हो बाई’ या दोन शब्दांवर निभावलं. त्या दिवशी तिनं गरम भाताचं पातेलं आणून मधोमध ठेवलं, जाडसर वाटलेल्या डाळींचे वडे भातावर कुस्करले, वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीचं कढत तेल ओतलं. ते चर्र वाजलं तरी कोणी बघेना. काका ‘समस्त’ आधी की ‘शोकाकुल’ आधी, यावर अडले होते.

काकूनं पळी पातेल्यावर आपटली. “गप जेवा!”

कूलरच्या वरच्या पट्टीत. काका खाली बसले. बाबांनी ताट ओढलं. आत्या तर घाबरून पदर सावरून बसली आणि मग काकूकडे नीट पाहून हसायला लागली.

“फोटो, तारीख, खाली समस्त परिवार,” काकू कढी वाढत म्हणाली. “गुणगान कायले पायजे? ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.”

तसंच छापून आलं. हातासकट. पुण्याच्या चुलतभावाचा सकाळीच फोन आला, निदान नातवंडांची नावं तरी टाकायला हवी होती. फोन काकूनं घेतला. “ये इकडे, बोलू,” म्हणाली, “अन् येताना डबे घेऊन ये. पापड झाले आहेत.”