टीव्ही आधी, वॉशिंग मशीन मागनं

विज्यानं नवा फ्रिज घेतला, त्यावरून राजवाड्यावरच्या कट्ट्यावर विषय निघाला. "आता घरोघर सगळं आहे रे," विज्या म्हणाला.

"सगळं म्हणजे काय?" मी विचारलं. 2001 च्या जनगणनेत देशात रेडिओ 35 टक्के घरांत होता, टीव्ही जेमतेम 32. दहा वर्षांत रेडिओ 20 वर घसरला, टीव्ही 47 वर चढला. मात्र मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन किती घरांत, हे 2011 च्या जनगणनेनं विचारलंच नाही. सायकल, स्कूटर, मोटार, फोन, कॉम्प्युटर विचारले. बाईचे कष्ट वाचवणारी वस्तू यादीत एकही नाही, याचा मला खरोखर राग येतो.

सुन्या उसळला. "कशातही बाई-पुरुष आणू नकोस. टीव्ही परवडत होता, म्हणून आधी आला."

"कुठला परवडतोय!" शुभा म्हणाली. "आमच्याकडे कलर टीव्ही हप्त्यानं घेतला. आई तेव्हा मोरीत चादरी आपटत होती. मशीनसाठी हप्ते भरावेत, हे कुणाला सुचलंही नाही."

"अगं, पण नळाला पाणी तासभर! त्यात लोडशेडिंग. मशीन चालवणार कशावर?"

सुन्याचा हा मुद्दा मला पटतो. सेमी-ऑटोमॅटिक मशीन खपलं ते त्यामुळंच. बादलीनं पाणी ओतायचं, कपडे फिरले की पिळून शेजारच्या ड्रायरमध्ये टाकायचे, खळबळायला पुन्हा पाणी. मशीन आलं तरी बाई तिथंच उभी.

बाईच्या कामाची वस्तूही आधीच आली होती, म्हणून विज्यानं सुमीत मिक्सरचा विषय काढला. तो तर साठच्या दशकातला. खरंय, पण तो बनला कसा? परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढं टिकेना, आणि ती तक्रार करणाऱ्या बाईचा नवराच, माथुर, इंजिनिअर होता. घरातलं गाऱ्हाणं योग्य कानावर पडलं, म्हणून मिक्सर झाला.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे मी सांगितले: टीव्ही सुमारे 68 टक्के घरांत, फ्रिज 38, वॉशिंग मशीन विसाच्या आत.

सुन्या जरा थांबला. "म्हणजे पाचातली चार घरं अजून हातानंच धुतात?"

"आणि ज्यांच्याकडं मशीन आहे, त्यांचीही सगळी धुणी मशीनला जात नाहीत," शुभा म्हणाली. "आमच्या मावशी चार घरची जाड कापडं धुतात आणि मग घरी जाऊन स्वतःची."