चारशे रुपयांचा चिरोटा

निळ्या जॅकेटवरची पिठीसाखर ओल्या रुमालाने पुसली, तर तिचा पाक झाला. आता बसमध्ये चिकट होऊन बसलोय आणि शेजारच्या सीटवर काका आहेत.

गाव जर्मनीतलं रोथेनबर्ग. जुनी तटबंदी आहे, तिच्यावरून चालता येतं म्हणे. टूरवाल्यांनी पाऊण तास दिला, त्यातला निम्मा पैसे टाकून जायच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. उरलेल्या वेळात मी तिथला प्रसिद्ध श्नेबाल, म्हणजे 'स्नोबॉल', पिठीसाखरेत घोळलेला तळलेला गोळा, घेतला आणि रस्त्यातच उभा राहून तोडायला लागलो.

"केवढ्याला?" मागून काका.

सांगितलं. काकांनी शंभराने गुणलं. मोठ्याने.

"चारशे! अहो, हा चिरोटा आहे! अगं, इकडे ये, ह्यांनी चारशेचा चिरोटा घेतला!"

काकू आल्या. न विचारता एक पापुद्रा मोडला, उजेडात धरला. "कातण्याने पट्ट्या कापल्यात. कडा मात्र जोडलेल्या ठेवल्यात."

बरोबर होतं. त्या पट्ट्या काठीवर एकाआड एक उचलून घेतात आणि गोल साच्यात अडकवून तळतात. मी उत्साहाने घटकही सांगितले: मैदा, लोणी, साय, अंडी, थोडी दारू.

काकूंचा हात तोंडापाशी थांबला. "अंडं?"

"तळलं की जातं सगळं," काका म्हणाले आणि माझा अर्धा गोळा उचलला. "दारू तर आधीच उडते."

काकूंनी खाल्लं, डोळे मिटले, निकाल दिला. "मोहन कमी पडलंय."

खरं सांगू? कोरडाच होता. पण ते म्हणायचा हक्क पैसे देणाऱ्याचा. दक्षिण कोरियात याची लाट आली तेव्हा लोक लाकडी हातोडीने तो फोडून खायचे. हातोडी मलाही हवी होती, गोळ्यासाठीच असं नाही.

स्कॉटलंडचा स्नोबॉल वेगळा: आत मार्शमॅलो, बाहेर खोबऱ्याचा कीस. तो केक की गोळी-चॉकलेट, यावर तिथे खटला झाला, कारण केकवर व्हॅट लागत नाही. 2014 साली न्यायाधिकरणाने केक ठरवला. हा पदार्थ लोक बसून, शक्यतो बशी किंवा कागद घेऊन खातील, नाहीतर खोबरं सगळीकडे उडेल, हेही निकालात नोंदवलं. बशीचं महत्त्व तिथे न्यायाधीशांना कळतं. आमच्या टूरवाल्यांनी वेळापत्रकात 'स्थानिक मिठाईचा आस्वाद' छापलंय, पण टेकायला बाक कुठे आहे, हे विचारलं तर गाइड घड्याळ दाखवतो. एवढे पैसे मोजून माणसाने युरोपात उभ्याने खायचं!

तेवढ्यात वारा आला. साखर जॅकेटवर, मिशीवर, चष्म्यावर. काकांनी तत्परतेने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकलाही. अंगठे येताहेत. बारामतीहून त्यांच्या भाचीने विचारलंय, "हे पांढऱ्या मिशांचे आजोबा कोण?"

काका माझ्याहून चांगले पंधरा वर्षांनी मोठे. त्यांनी लगेच उत्तर दिलं: "आमच्या बसमधले आहेत. चांगले आहेत बिचारे."