'निवडक संग्राहकांसाठी' म्हणे!

संज्याच्या आतेभावाकडे एक काम आलंय: दुबईत रशियन चित्रांचा महोत्सव भरणार, त्याची प्रसिद्धी. जाहिरातीचा मजकूर संज्याने काल कट्ट्यावर वाचून दाखवला. 'निवडक संग्राहकांसाठी' आणि 'दोन संस्कृतींचा संवाद', दोन्ही एकाच दमात. पश्या उसळलाच.

"विकायचंय तर विका ना! संस्कृतीला कशाला मध्ये ओढता? अण्णाभाऊंचा पुतळा २०२२ला मॉस्कोच्या ग्रंथालयात बसला, त्याला म्हणतात देवाणघेवाण. तिथे कोणी भाव विचारला नाही."

"अरे, पण पैशाशिवाय काही हलतं का?" विनू म्हणाला. विनू जे.जे.चा, एकदा सुरू झाला की आवरत नाही. "दियागिलेव्ह नावाच्या रशियन आयोजकाने १९०६ला पॅरिसच्या ग्रां पाले या प्रदर्शनगृहात रशियन कला नेली, जुन्या आयकॉनपासून, म्हणजे धार्मिक चित्रांपासून, चित्रकार व्रूबेलपर्यंत. मग १९०७ला संगीत, १९०८ला गायक शाल्यापिनला घेऊन 'बोरिस गोदुनोव्ह' हा ऑपेरा, १९०९ला बॅले. सगळं बड्या लोकांच्या आश्रयाने."

"तो दाखवायला गेला होता, विकायला नाही," पश्या म्हणाला. यावर विनू जरा अडखळला, आणि लगेच श्चुकिनकडे वळला.

श्चुकिन म्हणजे मॉस्कोचा कापडाचा व्यापारी. त्याने फ्रेंच चित्रकार मातिसकडून घरच्या जिन्यासाठी 'नृत्य' आणि 'संगीत' ही चित्रं करून घेतली. १९१०मध्ये पॅरिसने त्यांची टर उडवल्यावर गडी बिचकला, नको म्हणाला, मग पुन्हा हो म्हणाला. चित्रं घरी आल्यावर 'संगीत'मधल्या नागड्या बासरीवाल्याच्या कमरेखाली थोडा लाल रंग फासून घेतला! (कट्टा पाच मिनिटं यावरच हसत होता.) पण हाच माणूस रविवारी घर लोकांना उघडं ठेवायचा. मॉस्कोतल्या पोरांनी मातिस-पिकासो पाहिले ते तिथेच. आणि १९११ला मातिस मॉस्कोला आला, तर तिथले जुने आयकॉन बघून हरखून गेला. माझ्या मते खरी देवाणघेवाण ती. संग्राहकामुळेच झाली, पण त्याने दार उघडलं म्हणून.

"ठीक आहे," पश्या म्हणाला, "मग मजकुरात 'निवडक' कशाला?"

संज्याकडे उत्तर नव्हतं. त्याला वेगळीच धास्ती होती. एप्रिल २०२२मध्ये इटली आणि जपानहून परतणारी रशियन संग्रहालयांची चित्रं युक्रेन युद्धानंतरच्या निर्बंधांवरून फिनलंडच्या कस्टमने सीमेवर अडवली होती. किंमत ४.२ कोटी युरोच्या घरात. नंतर सोडली, पण असं काही झालं तर महोत्सवाला चित्रं उसनी देणार कोण?

"ते राहू दे, अस्सल आहेत का ते आधी बघ," विनू म्हणाला. २०१८मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या संग्रहालयाने कांदिन्स्की, मालेविच वगैरे रशियन चित्रकारांच्या नावाची २४ कामं भिंतीवरून काढली. एका खासगी संग्रहातून आलेली, आणि जाणकारांनी अस्सलपणावर शंका घेतलेली. रशियन अवांगार्दमध्ये, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या प्रयोगशील कलेत, हे दुखणं जुनंच आहे. तेव्हा कोणाकडून कोणाकडे गेलं याचे कागद प्रत्येक चित्राशेजारी लावायचे, असं विनूचं म्हणणं.

"गिऱ्हाईक पळेल!" संज्या.

"जो पळेल तो संग्राहक नाही," पश्या म्हणाला, आणि आयुष्यात प्रथमच विनूच्या बाजूने बसला. शेवटी एवढंच ठरलं: 'निवडक' काढायचं आणि एक दिवस विद्यार्थ्यांना फुकट ठेवायचा. कागदांवरून तिघांचं अजून चालू आहे, आणि आतेभावाला यातलं काहीच कळवलेलं नाही.