टिपाडात डोकावणारा पोरगा

‘‘डॉक्टर न्हाईस, कंपौंडर न्हाईस, कार्पोरेशनचा बी न्हाईस. मग आमच्या टिपाडात काय बगलालास?’’

साखर पेठेतल्या एका मावशींनी भर गल्लीत मला हे विचारलं. टिपाड म्हणजे पाणी साठवायचं पिंप. मागे तीन-चार पोरं फिदीफिदी हसत होती. राग अजून गेलेला नाही.

तर मी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, करतो, एका खासगी विद्यापीठात. इमारतीला काचा आहेत, लिफ्ट इंग्रजीत बोलते, आणि फीच्या पावतीवर ‘क्षेत्रभेट शुल्क’ असा वेगळा आकडा असतो. क्षेत्रभेट मात्र ‘आपापल्या गावी उरकून घ्या’. म्हणून मी सोलापुरात, विद्यापीठाकडूनच विकत घ्यावा लागलेला पांढरा एप्रन घालून, डेंगीच्या अळ्यांचं सर्वेक्षण करत होतो. म्हणजे घरोघरी जायचं, पाणी साठवलेली भांडी मोजायची, टॉर्च मारून अळ्या बघायच्या आणि शंभर भांड्यांमागे किती भांड्यांत अळ्या सापडल्या ते काढायचं. महापालिकेचा माणूस हेच काम पगार घेऊन करतो. मी फी भरून करतो.

मावशी उंबऱ्यात विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. बोलताना त्या हाताकडे बघतही नव्हत्या. पान वळायचं, दोरा गुंडाळायचा, नखाने टोक आत दाबायचं, पुढची विडी. माझी उलटतपासणी आणि त्यांची मजुरी दोन्ही एकाच वेगाने चालू होतं.

‘‘सुई टोचता येती?’’

‘‘नाही मावशी.’’

‘‘गोळी?’’

‘‘ती डॉक्टर देतात.’’

‘‘मग तू काय देतो?’’

‘‘माहिती. सल्ला.’’

हात पहिल्यांदा थांबला. त्यांनी आतल्या सुनेला तेलुगूत काहीतरी सांगितलं. सून पदर तोंडाला लावून हसली आणि शेजारच्या घरात सांगायला गेली.

‘‘फी किती भरलास?’’

मी सांगितलं. इथे मावशींचे ओठ हलायला लागले. त्या हिशोब करत होत्या. हजार विड्यांना मिळते ती मजुरी, कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढतात त्या वजा, आजारपणाचे दिवस वजा. बराच वेळ गेला. शेवटी म्हणाल्या, ‘‘माझ्या लग्नापासनं आजपत्तूरच्या सगळ्या विड्या गेल्या की रे त्यात. आन् तुला सुई बी येत न्हाई?’’

यावर काय बोलणार? विद्यापीठाच्या माहितीपत्रकात उत्तर आहे, पण ते ‘ग्लोबल लीडर्स’ वगैरे भाषेत आहे. सुपासमोर ते म्हणवत नाही.

घरीही वेगळं नाही. सोलापुरात कुणी आरोग्याचं काही शिकायला लागलं की नातेवाईकांना डॉ. कोटणीस आठवतात. कोटणीस इथलेच, 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले. माझे काका चहा ओतता ओतता म्हणाले, ‘‘ते चीनला गेले. तू साखर पेठेत.’’ खरं तर मी काकांना हेही सांगायला हवं होतं की शिकून झाल्यावर मला मिळाली तर कंत्राटी नोकरी मिळेल, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. ते मी आपणहून सांगितलं नाही.

असो. मी मावशींना रीतसर समजावलं. डेंगीचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायची, आतून घासायची आणि कोरडी ठेवायची, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

‘‘रिकामं करून?’’

‘‘हो.’’

‘‘नळ चार-पाच दिसांनी येतो. मदी तुझ्या कालेजातनं पाणी आणू का?’’

एवढ्यात गल्लीच्या टोकाला कुणीतरी ओरडलं, ‘‘नीळ्ळू वच्चिनई!’’ म्हणजे पाणी आलं, आणि गल्ली उठली. विड्या, सूप, माझं सर्वेक्षण, सगळं जागच्या जागी राहिलं. घागरी, कळशा, बादल्या बाहेर. मावशींनी माझ्या हातातला फॉर्म काढून कट्ट्यावर ठेवला, वर वरवंटा ठेवला आणि हातात पाइप दिला. ‘‘धर. हलू नकोस.’’ मी धरला. जे टिपाड रिकामं करा म्हणून सांगायला आलो होतो, ते काठोकाठ भरलं. मग शेजारच्यांचं. मग त्या हसणाऱ्या सुनेने आणखी एक पिंप आणलं. एप्रनवरचं विद्यापीठाचं बोधचिन्ह भिजून पोटाला चिकटलं होतं.

आम्हाला पहिल्याच तासाला जॉन स्नो शिकवतात. 1854 साली लंडनमध्ये कॉलरा पसरला, स्नोने रुग्णांची घरं नकाशावर मांडली, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं आणि पंपाचा दांडा काढायला लावला. थोर माणूस. पण सोलापुरात त्याला काही कामच उरलं नसतं. इथे दांडा बहुतेक दिवस काढलेलाच असतो. उजनी धरणातून शंभरेक किलोमीटर पाणी येतं, आणि गल्लीत पोचता पोचता त्याचे दिवस ठरतात. लोकांनी साठवायचं नाही तर काय करायचं? साठवलं की डास. डास झाले की धूर फवारणारी गाडी. ताप आला की खासगी दवाखाना, सलाइन आणि प्लेटलेट्सचे आकडे. आणि या सगळ्यावर उपाय म्हणून एप्रन घातलेला मी.

फॉर्ममध्ये ‘अळ्या आढळण्याचे कारण’ या प्रश्नाला चार पर्याय छापलेले आहेत: जागृतीचा अभाव, निष्काळजीपणा, अस्वच्छ सवयी, इतर. मी ‘इतर’वर खूण केली आणि ओल्या कागदावर लिहिलं, ‘नळ रोज येत नाही.’ मावशींच्या टिपाडात अळ्या होत्या, हेही लिहिलं. झाकण बसवा आणि अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, असंही सांगून आलो. मावशी म्हणाल्या, ‘‘मासे तू आण.’’

मार्गदर्शक मॅडमचा मेल काल आला. पाणीपुरवठा आपल्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही, तो अभियांत्रिकीचा विषय आहे. ‘इतर’ काढून उरलेल्या तीनपैकी योग्य पर्याय निवडावा. शिवाय जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेल्या) फोटोत विद्यार्थी सर्वेक्षण करताना दिसला पाहिजे, पाणी भरताना नाही. सुधारित फॉर्म शुक्रवारपर्यंत. उशीर झाल्यास विलंब शुल्क वेगळं.