मामांचा सहावा टॅब

इंजिनीअर झालो तेव्हा नातेवाईकांपैकी कोणाला काही फरक पडला नाही, पण मोबाईलचे अॅप बनवतो हे कळल्यापासून नागपूरच्या गोकुळपेठेतले मामा मला एकदम सिरीयसली घ्यायला लागले. मामांचं नाश्त्याचं दुकान, सकाळी सातपासून तर्री-पोह्याला गर्दी. त्यांचं म्हणणं एवढंच, की बाजूच्या सलूनवाल्याचं पण अॅप आहे मंग आपलं कावून नाही. मी म्हटलं करून देतो, दोन रविवारचं काम आहे. ते दोन रविवार मार्चमध्ये सुरू झाले होते, आता पारा ४५ वर टेकलाय, कूलरमध्ये पाणी भरून भरून माझी कंबर गेली आणि काम चालूच आहे.

सगळी भानगड खालच्या पट्टीची. म्हणजे नेव्हिगेशन बार, अॅपमध्ये स्क्रीनच्या तळाशी बटणांची ओळ असते ती, पण मामा खालची पट्टी म्हणतात आणि आता मीही ऑफिसात तेच म्हणतो. सुरुवातीला मी तीन टॅब, म्हणजे त्या पट्टीवरची बटणं, टाकले होते, तर्री-पोहे, ऑर्डर, हिशोब. छान ऐसपैस बसले होते. मग मामांना केटरिंग आठवलं. चौथा टॅब टाकला आणि सगळ्यांची नावंच गायब, कारण अँड्रॉइडमध्ये चार झाले की ते आपल्या मनानेच ठरवतं की बोट ठेवलेल्या टॅबचंच नाव दाखवायचं, बाकीच्यांचे नुसते चित्र. मामांचा फोन, "अबे नावं कुठे गेले? हा चमचा म्हणजे पोहे का केटरिंग?" एका ओळीचं सेटिंग असते त्याचं, labeled लिहिलं की झालं. ती ओळ सापडायला मला अख्खी दुपार लागली हे मामांना सांगितलं नाही.

मग मामी. मामींची लोणची आणि पापड धरमपेठेपर्यंत जातात, म्हणजे टॅब तर पाहिजेच. पाचवा टाकला, जागा पण होती, पण नाव लांब. स्क्रीनवर काय आलं तर "लोणची-पाप…" आणि पुढे तीन टिंबं. मामींनी चष्मा लावून पाहिलं, काही बोलल्या नाहीत, फक्त त्या दिवशी मला चहा आला नाही. घरी येऊन रात्री सगळी नावं दोन ओळींत तोडली, फॉन्ट बारीक केला, तर आता वरच्या ओळीचं डोकंच कापलं गेलं. इंग्रजी अक्षरांना हे दुःख कळणार नाही, त्यांच्या डोक्यावर काही नसतं, आपल्याकडे मात्रा, वेलांट्या, रफार, सगळं बिऱ्हाड वर. तर्रीचा रफार उडाला आणि दुकानाचा मुख्य पदार्थ झाला "तरी पोहे". एक गिऱ्हाईक मामांना म्हणे, काका, तरी पोहेच का, दुसरं काही नाही का आज?

हे निस्तरतो न निस्तरतो तोच मामेभाऊ आला. त्याला रील्सचा टॅब पाहिजे होता, फुटाळा तलावावर उभा राहून बनवतो तो. मी म्हटलं ठीक आहे, सहावा टाकतो, टाकला, आणि अॅप उघडल्या उघडल्या बंद. परत उघडलं, परत बंद. मी वापरलेली अँड्रॉइडची ती रेडीमेड पट्टी पाचच्या वर घेतच नाही, सहावा दिसला की सरळ एरर देऊन अॅप पाडते. गुगलवाले तीन ते पाच म्हणतात ते सल्ला म्हणून म्हणतात असं मला वाटत होतं, सल्ला कसला, जमिनीवर आपटतात.

शेवटी मामांच्या गल्ल्यावर बसून हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर समजावलं. बघा मामा, साध्या फोनची रुंदी धरा ३६० डीपी, डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं माप. पाच टॅब म्हणजे एकेकाला ७२. आणि बोट नीट पडायला कमीत कमी ४८ पाहिजे, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. मला वाटलं पटलं. मामांनी पेन घेतला, ३६० भागिले ४८ केलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साडेसात. म्हणजे सात बसून राहिले ना बे." व्यापाऱ्यापुढे आकडे काढू नयेत. वरून म्हणे, ऑटोत मागे तीन सवारीचीच परवानगी असते, आपण बर्डीवरून कितीजण येतो?

मग हट्टाने मी रेडीमेड सोडून हाताने सात खान्यांची पट्टी बनवली आणि मामांच्या हातात फोन दिला. मामा नुकतेच भजे तळून उठले होते, अंगठ्याला बेसन. ऑर्डर दाबायला गेले, रील लागली. परत दाबलं, परत रील, फुल आवाजात, भर दुकानात आपलं पोरगं कंबर हलवून राहिलं आणि समोर वीस लोक प्लेट घेऊन. पाच टॅब त्याच क्षणी मंजूर झाले.

आता पाचवा टॅब "इतर" करायचा आणि उरलेलं त्यात टाकायचं, एवढंच राहिलं होतं. पुण्याचे जवाई फोनवर म्हणाले, आयफोनची पट्टी आपोआप तसंच करते, पाचच्या वर गेलं की पहिले चार ठेवून बाकीचे "मोअर" मध्ये. आयफोनला काय जाते म्हणायला, त्याला मामींसमोर बसायचं नसतं. "वीस वर्षं लोणचं घालते मी, आणि मी इतर?" मामेभाऊ पण रुसला. केटरिंगला हात लावायचा नाही असं मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तीन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही, मला पोहे मिळाले पण तर्री वेगळी मागावी लागली.

चौथ्या दिवशी रात्री मी फक्त नाव बदललं. "इतर" काढून "घरचं" लिहिलं, आत सगळं तेच. मामींनी उघडलं, हसल्या, आणि मला आंब्याच्या लोणच्याची बरणी मिळाली. मी गाडीला किक मारतो तोच मागून आवाज, "अरे थांब जरा, हे आत लिस्टमध्ये रील्स वर आणि लोणचं खाली कावून आहे?"