"लिहा, पण मानू नका" असं वर्गात बोलायचंच कसं?

परवा विदर्भातल्या एका शाळेत दहावीच्या विज्ञान भाग 2 मधला पहिलाच धडा, "आनुवंशिकता व उत्क्रांती", संपवला गेला. शिकवला नाही, संपवला. आनुवंशिकतेला बरे तास मिळाले, उत्क्रांतीच्या वाट्याला एकच तास आला आणि त्यातलाही निम्मा हजेरी नि वह्या तपासण्यात गेला. शेवटी फळा पुसता पुसता बाईंनी वर्गाला सांगितलं, "हे डार्विनचं मत आहे. खरं काय ते तुम्हाला घरी शिकवलेलंच आहे. बोर्डात मात्र पुस्तकातलंच लिहा, नाहीतर मार्क जातील."

हे शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही. धडा गाळला असता तर एक वेळ परवडलं असतं, मुलं पुढे कधीतरी स्वतः वाचतील अशी आशा तरी राहिली असती. इथे तर पंधरा वर्षांच्या पोरांना पद्धतशीरपणे सांगितलं गेलं की विज्ञान म्हणजे मार्कांपुरतं बोलायची गोष्ट, मनात वेगळं ठेवलं तरी चालतं. गणिताच्या तासाला कोणी म्हणतं का, "पायथागोरसचं मत आहे, पण घरी विचारून घ्या"? ओहमच्या नियमाबद्दल म्हणतं का? मग एकट्या उत्क्रांतीच्याच वाट्याला ही वागणूक का?

वर्गात एका मुलाने विचारलं म्हणे, "माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी आहेत?" त्याला उत्तर मिळालं, "तेच तर!" अहो, तेच तर काय? उत्तर दोन वाक्यांचं आहे. माणूस आजच्या माकडापासून झालेलाच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता, सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी त्याच्या वंशाच्या फांद्या वेगळ्या झाल्या, आणि दोन्ही फांद्या आजवर आल्या. चुलत भाऊ आहे म्हणून आपण नाही असं होत नाही. ही चूक मुलांच्या डोक्यात पक्की बसते ती शाळेच्या भिंतीवरच्या त्या चित्रामुळे: वाकलेलं माकड, मग थोडं सरळ, मग आणखी सरळ, शेवटी भालेवाला माणूस. ते चित्र उतरवा. उत्क्रांती ही एका रांगेतली चाल नाही, फांद्या फुटणारं झाड आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर काढलं की निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

दुसरी तिडीक दशावताराची. "उत्क्रांती आपल्याकडे आधीच होती की! मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह..." 2019 च्या जानेवारीत जालंधरच्या भारतीय सायन्स काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी हेच व्यासपीठावरून सांगितलं, आणि तेव्हापासून दर स्नेहसंमेलनात ते ऐकावं लागतं. जरा लावून बघा. माशानंतर जमिनीवर आले ते उभयचर, आणि अवतारांच्या यादीत बेडूक कुठेच नाही. कासव सरपटणाऱ्या वर्गातलं, त्याचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे पाण्यातून जमिनीवर येण्याची गोष्ट घडून त्याआधी कोट्यवधी वर्षं लोटली होती. डुक्कर माणसाचा पूर्वज नाही, सिंह तर नाहीच. अर्धा सिंह अर्धा माणूस असा प्राणी कुठल्याच खडकात मिळणार नाही, कारण तो त्या कथेत आहे आणि कथेत त्याला अर्थ आहे. प्रल्हादाच्या गोष्टीला जीवाश्माचा पुरावा कशाला हवा? वारीला निघालेला माणूस प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागत नाही. श्रद्धेला विज्ञानाचे कपडे चढवून उभं करणारे विज्ञानाचं तर नुकसान करतातच, पण श्रद्धेचाही अपमान करतात, आणि हे त्यांना कोणी तोंडावर सांगत नाही.

आणि तोंडावर सांगणार तरी कोण? 2018 च्या जानेवारीत केंद्रातले शिक्षण खात्याचे राज्यमंत्रीच औरंगाबादेत म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे सांगितलेलं नाही, आणि शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढून ते खोडावं लागलं. पूर्वजांनी पाहिलं नाही म्हणे! सह्याद्रीचा कातळ लाव्हा होऊन वाहताना तरी कोणत्या पूर्वजाने पाहिला? तरी तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे हे आपण मोजू शकतो, खडकातल्या पोटॅशियमचं आर्गॉन किती झालं यावरून.

या वयमापनातही शाळेत घोळ घालून ठेवतात. डायनोसॉरचं वय कार्बनी वयमापनाने काढतात असं सर्रास सांगितलं जातं. कार्बन-14 चं अर्धायुष्य 5,730 वर्षं. पन्नासएक हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतका कार्बन-14 शिल्लकच राहत नाही. हुशार पोरगं हा हिशेब घरी करतं, जमत नाही म्हणून धडाच खोटा समजतं, आणि मग कोणीतरी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ दाखवतं. चूक शिकवणाऱ्याची, बदनामी डार्विनची.

पुरावे परदेशातले असतात ही रडगाथाही बंद करा. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं सापडली आहेत. देवमासा जमिनीवरच्या चार पायांच्या प्राण्यांपासून आला, याचे सर्वांत बोलके पुरावे भारत आणि पाकिस्तानच्या खडकांतले आहेत: जम्मूच्या कालाकोट भागातला मांजराएवढा, खुरांचा इंडोह्यस, कच्छमधला आद्य देवमासा कच्छिसेटस. हे न सांगता पोरांकडून "पेरिपॅटस हा अ‍ॅनेलिडा आणि आर्थ्रोपोडा यांना जोडणारा दुवा" एवढं घोकून घेतात. पेरिपॅटस हा अळीसारखा प्राणी आयुष्यात कोणी पाहिलेला नसतो. स्वतःचं माकडहाड, म्हणजे शेपटीचा उरलेला अवशेष, मात्र प्रत्येकाला बाकावर बसल्या बसल्या टोचत असतं.

शिकवायला फार काही लागत नाही. पन्नास हिरव्या आणि पन्नास तपकिरी रंगवलेल्या काड्या घ्या. दोन मीटर लांबी-रुंदीच्या हिरव्या गवतात विखरा. चार मुलांना पक्षी करा, वीस सेकंदांत सापडतील तेवढ्या काड्या उचलायला सांगा. मग उरलेल्या मोजा, आणि उरलेल्या प्रत्येक काडीमागे त्याच रंगाची एक नवी काडी टाका. असे तीन-चार फेरे करा. तपकिरी काड्यांचं प्रमाण प्रत्येक फेरीत साधारण घसरत जातं. हा प्रयोग बहुतेक ठिकाणी फसतो तो नवी काडी टाकायची पायरी गाळल्यामुळे. पिल्लं झालीच नाहीत तर वारसा पुढे जाणार कसा? मग तो नुसता शोधाशोधीचा खेळ होतो. दुसरी फसगत म्हणजे एकाच रंगाच्या कार्डशीटवर काड्या ओतणं, तिथे सगळ्याच दिसतात. गवत हवंच. एक तास पुरतो.

त्या तासात "गरज पडली म्हणून जिराफाची मान लांबली" हे वाक्यही वर्गाबाहेर घालवता येतं. त्याच चालीवर जंतू औषधाला सरावतात, असं शिक्षकच बोलतात. सरावत नाहीत! रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद न देणारा जंतू साधारण दहा कोटींत एक आधीच असतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो आणि वाढतो. म्हणूनच टीबीला एक गोळी देत नाहीत, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन औषधं देतात. सगळ्यांना पुरून उरेल असा एकच जंतू सापडणं जवळपास अशक्य व्हावं, हा त्यामागचा हिशेब आहे.

आणि विदर्भातल्या शाळेत तरी हे बोलताना कोणाला लाज वाटायला हवी होती. कापसावरची गुलाबी बोंडअळी ही उत्क्रांतीच आहे, दुसरं काही नाही. अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन विषारी प्रथिनांचं बीजी-2 आलं, आणि 2017 च्या हंगामात अळी बीजी-2 ची बोंडं आतून पोखरत होती. पाकिटात 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीची पुडी येत असे. ती बांधाकडेने लावायची, कारण त्या ओळींत साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या मोजक्या पतंगांशी संकर करतात, आणि पुढच्या पिढीत प्रतिकाराच्या जनुकाची एकच प्रत आलेल्या अळ्या बीटीवर मरतात. मेंडेलचा तक्ता आणि नैसर्गिक निवड, दोन्ही एकाच वावरात! कित्येकांनी ती पुडी फेकून दिली, कारण ती कशाला आहे हे त्यांना कोणी धड समजावलंच नाही. वर फरदड घेतली, हंगाम संपल्यावरही तीच झाडं राखून पुन्हा वेचणी केली, म्हणजे प्रतिकार असलेल्या अळीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत जेवण चालू. ज्याच्या बापाचं पीक असं गेलं त्याच मुलाला शाळा सांगते की उत्क्रांती हे एका माणसाचं मत आहे.

कायद्याचं म्हणाल तर तोही स्पष्ट आहे. संविधानाच्या कलम 28(1) नुसार संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेला 28(3) लागू होतं: तिथल्या धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायची सक्ती नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. कलम 51क(ज) तर वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवतं, 1976 पासून. घरी पूजा करा, नमाज पढा, चर्चला जा, कोणी अडवलंय? बाईंनाही त्यांची श्रद्धा आहे, ती त्यांनी जपावी. पण विज्ञानाच्या तासाला, पगार घेऊन, मुलांपुढे पुस्तक खोटं पाडायचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही.

सीबीएसईची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने आधीच वाट दाखवून ठेवली आहे. कोविडनंतर "भार कमी" करताना दहावीच्या "आनुवंशिकता आणि उत्क्रांती" मधली उत्क्रांती काढली, धड्याचं नाव नुसतं "आनुवंशिकता" केलं. 2023 च्या एप्रिलमध्ये 1,800 हून जास्त वैज्ञानिक आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. उत्तर काय, तर बारावीत आहे. बारावीत जीवशास्त्र घेणाऱ्यांना आहे! वाणिज्य, कला, आयटीआयला जाणाऱ्या मुलाला ती पुन्हा भेटणारच नाही.

आपल्या बोर्डाच्या पुस्तकात तो धडा अजून आहे, आणि आता राज्यातही सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलतोय. दहावीचं नवं पुस्तक येईल तेव्हा पालकांनी आधी अनुक्रमणिका उघडावी. "आनुवंशिकता" शब्दापुढे "व उत्क्रांती" दिसलं नाही, तर त्याच दिवशी बालभारतीला पत्र जायला हवं, सह्यांसकट.