प्रत्येक कथा नायकाचा प्रवास नसते

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. जगातली प्रत्येक चांगली कथा एकाच सांगाड्यावर उभी असते आणि हे जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने सिद्ध केले आहे, असे त्यात म्हटले आहे. म्हणून मुलांना कथालेखन शिकवताना ‘नायकाच्या प्रवासा’चे बारा टप्पे आधी शिकवावेत, म्हणजे रोजचे जग, साहसाची हाक, नकार, गुरूची भेट, उंबरठा ओलांडणे येथपासून महासंकट आणि फळ घेऊन घरी परतणे येथपर्यंतचा क्रम त्यांच्याकडून घोटून घ्यावा, तसे केले नाही तर मुलांची कथा अर्धवट राहते, असा त्याचा सल्ला आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण मराठीत लिहू पाहणारे प्रत्येक मूल या भागात मोलाचे आहे आणि त्याच्या हाती काय दिले जाते हे तपासून घेतलेच पाहिजे.

पहिला दावा सिद्धतेचा आहे. कॅम्पबेल यांचा ग्रंथ १९४९ साली आला. त्यात प्रस्थान, दीक्षा आणि परतणे असे तीन भाग आणि सतरा टप्पे आहेत, आणि त्यांचा विषय कथालेखन नसून देशोदेशीच्या पुराणकथा हा आहे. अनेक कथा यातला एखाददुसरा घटकच घेऊन तो फुलवतात, हे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. संदेशातले बारा टप्पे तर त्यांचे नव्हेतच. ते ख्रिस्तोफर व्होगलर यांनी बांधले. १९८०च्या दशकात डिस्नेसाठी काम करताना त्यांनी पटकथांच्या उपयोगासाठी एक टिपण लिहिले आणि १९९२ साली त्याचे पुस्तक झाले. म्हणजे आपण सातवीच्या वर्गात नेतो आहोत ते चित्रपटधंद्यातले एक कामचलाऊ साधन आहे. त्याला सिद्धान्त म्हणणे चूक आहे. याच्या बरेच आधी, १९२८ साली, व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने अद्भुतकथांमधल्या घटनांचे एकतीस प्रकार क्रमवार मांडले होते. पण हा क्रम आपण अभ्यासलेल्या रशियन अद्भुतकथांचा आहे, ही मर्यादा त्याने पाळली. तेवढा संयम या संदेशात नाही.

सिद्धतेचा पुरावा म्हणून संदेशात ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाचा दाखला दिला आहे. तो तर सहज निकालात निघतो. १९७७च्या त्या चित्रपटावर कॅम्पबेल यांचा प्रभाव असल्याचे जॉर्ज लुकास यांनी स्वतः सांगितले आहे, आणि साचा समोर ठेवून घडवलेली वस्तू त्या साच्यात बसली यावरून जगातल्या इतर वस्तूंविषयी काहीच कळत नाही.

दुसरा दावा असा की आपल्या परंपरेतही हाच सांगाडा सापडतो. येथे थोडे थांबावे लागेल, कारण आपल्या मुलांच्या कानावर पडलेल्या गोष्टी यातच येतात. श्रावणातल्या सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजा घरोघरचे सगळे दूध देवळात आणायला लावतो. धाकाने लोक वासरांना पाजत नाहीत, मुलांना देत नाहीत, सगळे दूध आणून ओततात. तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरातली मुलेबाळे, लेकीसुना, गाईवासरे यांना तृप्त करून उरलेले खुलभर दूध घेऊन येते, ते ओतते आणि गाभारा भरतो. आता यात नायक कोण? राजा म्हणावे तर तो कोठे जात नाही. म्हातारी म्हणावी तर तिला हाक येत नाही, ती नकार देत नाही, तिला गुरू भेटत नाही आणि तिच्यात काही बदलही होत नाही. ती सुरुवातीला जशी असते तशीच शेवटी असते. तरीही ऐकणारा खिळून राहतो, कारण एवढ्या दुधाने जे झाले नाही ते खुलभर दुधाने कसे झाले हा प्रश्न कहाणी लगेच सोडवत नाही. पुढच्या सोमवारीही तेच घडते, राजाला कोडे पडते, आणि म्हातारीला अभय देऊन विचारल्यावरच उलगडा होतो. ही पक्की रचना आहे. एकच गोष्ट पुन्हा घडवायची, उत्तर लांबवायचे आणि शेवटी ते एका साध्या माणसाच्या तोंडून वदवायचे. दहा वर्षांच्या मुलाला हे तंत्र सहज उचलता येते आणि त्यासाठी एकही टप्पा पाठ करावा लागत नाही.

दुसरे उदाहरण याच मातीतले आहे. आपल्याकडची मुले इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णावर हौसेने लिहितात. त्याला १८३१ साली जिथे फाशी दिली ते नंदगड खानापूर तालुक्यातच आहे. बारा टप्प्यांप्रमाणे त्याने फळ घेऊन घरी परतायला हवे. मग मुले एक तर शेवट बदलतात, नाहीतर त्याला स्वप्नात परत आणतात. समर्थक म्हणतात, लोकांच्या मनातली स्मृती हेच फळ आणि तेच परतणे. असा अर्थ लावायचा ठरवला तर कोणतीही कथा कोणत्याही तक्त्यात बसेल. पण काहीही सामावून घेणारा तक्ता मुलाला पुढचे वाक्य लिहायला काय मदत करणार?

टप्पे शिकवले नाहीत तर मुलांची कथा अर्धवट राहते, हा तिसरा दावा अर्धा खरा आहे. मुलांच्या कथा मध्येच अडकतात, आणि हा अनुभव आम्हा सर्वांचा आहे. ‘मग आम्ही गेलो, मग जेवलो, मग झोपलो’ असे लिहून मूल थांबते. पण हा दोष बारा टप्प्यांनी जात नाही. त्या ‘मग’च्या जागी कोठे ‘पण’ आणि कोठे ‘म्हणून’ येऊ शकते, हे विचारल्याने तो जातो. कोणाला काय हवे आहे आणि त्याच्या आड काय येते, एवढे मुलाला कळले की मधला भाग हलू लागतो.

तक्ता लावल्यावर काय होते ते मी खानापूर तालुक्यातल्या एका वर्गात जवळून पाहिले. सातवीतल्या एका मुलीने लिहिले होते की घरी जमिनीची एक कन्नड नोटीस येते. आजोबांना कन्नड वाचता येत नाही, नातीला शाळेमुळे येते. ती उंबऱ्यावर बसून एकेक ओळ वाचते आणि मराठीत सांगते. एका ओळीपाशी तिचा आवाज थांबतो. आजोबा विचारतात, “फुडं काय लिवलंय गे?” ती कागदाची घडी घालते आणि म्हणते, “एवढंच हाय.” कथा तिथे संपते. त्या ओळीत काय होते हे तिने सांगितलेले नाही आणि ते सांगायची गरजही नाही. दोन भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या मुलीवर घरातल्या मोठ्यांपेक्षा जास्त कळण्याचे जे ओझे पडते, ते या दोन संवादांत आहे. मग तक्ता आला. गुरू हवा म्हणून एक निवृत्त मास्तर आले, उंबरठा ओलांडायचा म्हणून मुलगी एकटी बसने बेळगावला गेली, कसोटी म्हणून कचेरीतला दुष्ट कारकून आला आणि शेवटी ती विजयी होऊन परतली. पहिल्या खर्ड्यातली ती थांबलेली ओळ गळून पडली. दुसऱ्या खर्ड्याला शाबासकी मिळाली, याचे मला आजही वाईट वाटते.

हा सांगाडा मुलगे आणि मुली दोघांनाही सारखाच लागू पडतो, असे संदेशाच्या शेवटी म्हटले आहे. तसे असते तर मॉरीन मर्डॉक या अमेरिकन लेखिकेला १९९० साली स्त्रीच्या प्रवासाचा वेगळा आराखडा मांडावा लागला नसता.

साहसकथा लिहिणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना हे टप्पे जरूर दाखवावेत, पण त्यांचा पहिला खर्डा पुरा झाल्यावर आणि अनेक आकारांपैकी एक म्हणून. त्याआधी वर्गात खुलभर दुधाची कहाणी मोठ्याने वाचावी, गाभारा भरला नाही तिथे थांबावे आणि पुढे काय झाले असेल ते प्रत्येकाला लिहायला सांगावे.